पूर, पाण्याचा लोड आणि ओढ्याकडची सात घरं

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर ईदच्या शुभेच्छा, कुणाच्या वालिदांच्या इंतकालाची बातमी आणि क्रिकेट एवढंच असतं. एप्रिलमध्ये त्यावर एक व्हिडिओ आला. चहूकडे मातकट पाणी, मधोमध एक घर आणि घराभोवती काळी, जाडजूड गादी वळकटी करून ठेवल्यासारखी. गादीच्या आतलं अंगण कोरडं. घर अमेरिकेतल्या टेक्सासमधलं, २०१६ च्या जूनमध्ये ब्राझोस नदीला पूर आला होता तेव्हाचं. खाली दुबईतल्या एका माजी विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, 'सर, अपने स्कूल के लिए ये लेंगे. पैशाचं आम्ही बघतो.'

आणि त्यांनी खरंच बघितलं. दोन आठवड्यांत दुबई, कतार, पुणे, मुंबईतून बऱ्यापैकी रक्कम जमली. जकातीचा पैसा यात नको, लिल्लाह देणगीच घ्यायची, हे पहिल्या दिवशीच ठरल्यामुळे तो वाद तरी टळला. मग कोटेशन आलं, बैठक झाली आणि शाळेच्या आवाराभोवती दीडशे मीटर लांबीचा, तीन फूट उंचीचा, पाण्यानं फुगवायचा असा एक अडथळा घ्यावा, असं बहुमतानं ठरलं. माझंही मत त्यात होतं. आज ते मत मी बदललं आहे. का बदललं, ते बैठकीत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. पूर फक्त आमच्या गल्लीत येत नाही, त्यामुळे इतरांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

आधी या वस्तूबद्दल. आमच्या शिपाईमामूंनी व्हिडिओ बघून तिला 'पाण्याचा लोड' म्हटलं, बैठकीत टेकायला असतो तसा, आणि तेच नाव आता सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे. जाड प्लास्टिकच्या कापडाची लांब पिशवी. गुंडाळी करून खोलीच्या कोपऱ्यात राहते. पूर येणार असं दिसलं की जमिनीवर उलगडायची, तोंडाला पंप लावायचा आणि पाणी भरायचं. पाणी अडवायला पाणीच वापरायचं, ही त्यातली गंमत. काही प्रकारांत हवा भरतात. अशा लोडाला पाण्याच्या बाजूला एक पदर जोडलेला असतो. पुराचं पाणी त्या पदरावर चढतं, आपल्याच वजनानं त्याला दाबून धरतं आणि त्यामुळे हलका लोड जागेवर राहतो. गयेला फल्गू नदीवर २०२२ मध्ये जो रबरी बंधारा झाला, तोही फुगवण्याचाच, पण त्याची जात वेगळी. तो काँक्रीटच्या पायात कायमचा बसवलेला आहे आणि त्याचं काम नदीत पाणी साठवून ठेवणं. आपला लोड पावसाळ्यापुरता पाहुणा.

वाळूच्या पोत्यांपेक्षा हे बरं, यात शंका नाही. शंभर फूट लांब आणि तीन फूट उंच भिंत पोत्यांची करायची तर हजारो पोती लागतात. ती भरणार कोण, वाहणार कोण, आणि पूर ओसरल्यावर गटाराच्या पाण्यात भिजलेली ती वाळू टाकणार कुठे? लोड धुऊन, वाळवून, गुंडाळून पुन्हा ठेवता येतो. म्हणून मी पहिल्या बैठकीत हात वर केला होता.

मग गणित सुरू झालं.

सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांची खुशाली विचारत नाहीत, 'किती झालं?' विचारतात. आमच्या घरात दखनीत, 'कित्ता हुवा?' उत्तर फुटांत येतं आणि ते आयर्विन पुलावरचं असतं. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २००५ मध्ये त्रेपन्न फूट आठ-नऊ इंच झालं, २०१९ मध्ये साडेसत्तावन्न, २०२१ मध्ये पंचावन्नच्या जवळ. २०२४ च्या जुलैत चाळीसच्या आसपास येऊन थांबलं आणि सगळ्या शहरानं श्वास सोडला. पण पुलावरच्या फुटांचा माझ्या दारातल्या फुटांशी संबंध काय? ते फार थोड्यांना माहीत असतं. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड इथल्या लोकांना माहीत असतं, कारण पाणी दरवेळी सगळ्यांत आधी त्यांच्याकडे जातं. बाकीचे आपण अंदाजावर जगतो.

आमच्या गणिताच्या मॅडमनी अंदाजावर राहायचं नाकारलं. शाळेच्या फाटकाच्या दगडी खांबावर तिन्ही पुरांच्या खुणा आहेत. २००५ ची जमिनीपासून दहा इंचांवर, २०२१ ची दोन फुटांवर, २०१९ ची साडेचार फुटांवर. पुलाच्या आकड्यातून खांबाचा आकडा वजा केला की तिन्ही वेळा उत्तर जवळपास एकच येतं, त्रेपन्न. म्हणजे आयर्विन पुलावर त्रेपन्न फूट झालं की आमच्या फाटकाला पाणी लागतं. इंच-दोन इंच इकडेतिकडे होतील, पण आमच्या शाळेचं शून्य म्हणजे पुलाचे त्रेपन्न. नववीच्या मुलींना हे उदाहरण म्हणून घातलं तर एका मुलीनं दुसऱ्या दिवशी आपल्या घराचं शून्य काढून आणलं. एकावन्न. तिचं घर ओढ्याकडे आहे. त्या घराकडे मी पुढे येणार आहे.

आता तीन फुटांचा लोड म्हणजे छप्पन्न फुटांपर्यंत सुरक्षित, असं वाटतं ना? नाही. हा लोड जागेवर राहतो तो आपल्या वजनावर. जमिनीवर तो चांगला जड असतो. पण पाण्यात पाण्याला वजन नसतं. बाहेरची पातळी जसजशी त्याच्या माथ्याकडे चढते, तसतसा तो आतून हलका होत जातो आणि बाहेरचा रेटा मात्र वाढत जातो. म्हणून उंचीच्या वरचा चौथा हिस्सा कोराच ठेवायचा असतो. तीन फुटांच्या लोडानं सव्वादोन फूट पाणी अडवायचं, जास्त नाही. म्हणजे आमच्यासाठी पुलावर सव्वापंचावन्न. २००५ मध्ये शाळा कोरडी राहिली असती. २०२१ मध्ये जेमतेम तीन इंच शिल्लक राहिले असते आणि रात्रभर कुणाचा डोळा लागला नसता. २०१९ मध्ये लोडही गेला असता आणि शाळाही.

मग उंच घ्या, असं एक जण म्हणाले. पाण्याचा रेटा उंचीच्या पटीत वाढत नाही, उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. दोन फूट पाणी अडवताना लोडाच्या दर मीटर लांबीवर साधारण एकशे पंच्याऐंशी किलोचा रेटा येतो. चार फूट झालं की तो दुप्पट होत नाही, चौपट होतो, सातशे चाळीसच्या घरात जातो. उंची वाढली की रुंदी वाढते, भरायचं पाणी वाढतं, किंमत वाढते आणि आमच्या गल्लीत तेवढी जागाच नाही.

२०११ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कामधल्या फोर्ट कॅल्हून अणुवीज केंद्राभोवती मिसुरी नदीच्या पुरात असाच लोड घातला होता. आठ फूट उंच, जवळपास दोन हजार फूट लांब. २६ जूनला तो कोसळला. नदीनं नाही पाडला. आतल्या बाजूला काम करणाऱ्या एका छोट्या लोडर यंत्राचा धक्का लागून फाटला. अणुभट्टी आधीपासून बंद होती, इतर सोयी होत्या, त्यामुळे अनर्थ झाला नाही. पण अणुवीज केंद्रात जे होतं ते आमच्या गल्लीत होणार नाही, असं मी कसं म्हणू? आमच्याकडे फुटलेल्या बाटल्या आहेत, बांधकामाच्या सळया आहेत, पाण्यात मोटरसायकल घालून स्टंट करणारी पोरं आहेत. २०१९ मध्ये तर गल्लीच्या तोंडाशी मगर दिसल्याची आवई उठली होती. ती मगर होती की लाकडाचा ओंडका, यावर अजून एकमत नाही, पण कृष्णेत मगरी आहेत एवढं खरं.

आणि पाणी फक्त समोरून येत नाही. सांगलीत ते मागच्या दारानं येतं. नाले आणि गटारं एरवी नदीकडे वाहतात. नदी फुगली की ती उलटी वाहायला लागतात. २०२१ मध्ये आमच्या शाळेत पाणी फाटकातून येण्याआधी स्वच्छतागृहातून वर आलं. फाटकाशी आम्ही माती आणि फळ्या लावत होतो आणि आठवीच्या वर्गाकडून शिपाईमामू हाका मारत होते. लोड कितीही चांगला असला तरी गटाराच्या पाइपाला बूच लागणार. पाइपात सारून फुगवता येतील असे रबरी बूच मिळतात. शिवाय आत पडणारा पाऊस आणि खालून झिरपणारं पाणी उपसायला एक पंप सतत चालू हवा, वीज गेली तरी चालणारा. कोटेशनमध्ये यातलं काहीच नव्हतं. फक्त लोड होता.

इथपर्यंतचं सगळं सुधारता येण्याजोगं आहे. बूच घ्या, पंप घ्या, मर्यादा ओळखा. माझं मत बदललं ते दुसऱ्याच प्रश्नावर. लोडाची ओळ कुठे काढायची?

बैठकीत हाजीसाहेब म्हणाले, 'देणगी शाळेसाठी आली आहे, शाळेच्या भोवती लागली पाहिजे. ही अमानत आहे.' हा मुद्दा साधा नाही. अमानतीचा शब्द आला की आम्ही सगळेच गप्प होतो, आणि व्हायलाच हवं. पण मी घरी येऊन एक यादी केली. शाळेत पुरानं काय बुडतं? बाकं. ती धुऊन वापरतो. संगणक. आता ते वरच्या मजल्यावर आहेत. पोषण आहाराचा तांदूळ. तो पन्नास फुटांना वर नेता येतो. आणि जनरल रजिस्टर.

रजिस्टरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ज्यांनी शाळेच्या कार्यालयात काम केलेलं नाही त्यांना त्याची किंमत कळणार नाही. २०१९ चं पाणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आलं. बारा तारखेला बकरी ईद होती, ती आम्ही चिखल काढत केली. लोखंडी कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले होते आणि त्यांत सगळ्यांत जुनी रजिस्टरं होती. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. आठ दिवस पंख्याखाली एकेक पान सुटं करत बसलो. काही नोंदी गेल्या त्या गेल्याच. बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन, आमच्या या सगळ्या बिरादऱ्यांना ओबीसीचा दाखला काढायचा तर १९६७ च्या आधीची नोंद लागते, आणि ज्या घरात जमिनीचा तुकडा नाही तिथे ती नोंद असते आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागरिकत्वाच्या कायद्यावरून देशभर काहूर उठलं आणि आमच्या कार्यालयापुढे रांग लागली. उतारा द्या, जन्मतारीख द्या, आमच्या अब्बांचं नाव शोधा. सत्तरीचे एक गृहस्थ अर्धवट पुसलेल्या ओळीवर बोट ठेवून मला विचारत होते, 'गुरुजी, हे माझंच नाव आहे ना?' मी 'हो' म्हणालो. वाचता मात्र येत नव्हतं.

मग ती रजिस्टरं लोडाच्या भरवशावर ठेवायची? कधीच नाही. ती वरच्या मजल्यावर न्यायची, त्यांच्या प्रती काढायच्या, स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवायच्या. हे काम आम्ही २०१९ नंतर केलं आणि त्याला लोडाच्या किमतीचा दहावा हिस्साही लागला नाही. अजूनही गावोगावच्या शाळांत ती खालच्या कप्प्यातच असतात. वाचणाऱ्यांत कुणी मुख्याध्यापक असतील तर उद्याच उठून कपाट बघा.

यादी संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं की शाळेतलं जवळजवळ सगळं मोलाचं सामान उचलता येतं. शाळेला वरचा मजला आहे. गल्लीत खाली जी एकोणीस घरं आहेत त्यांना तो नाही. त्यांची चूल, पलंग, विजेचा मीटर, आतला अंथरुणाला खिळलेला माणूस, शेळी, सगळं जमिनीच्या पातळीला. गिरणीवाले लिंगायत काका आहेत, त्यांची पिठाची गिरणी सिमेंटच्या ओट्यात बसवलेली आहे, ती कोण उचलणार? २०२१ मध्ये दोन फूट पाण्यात मोटर गेली आणि गल्लीला दीड महिना पीठ लांबून आणावं लागलं. जे उचलता येतं त्याच्याभोवती भिंत आणि जे उचलता येत नाही ते उघड्यावर, असा आमचा ठराव झाला होता. मीही त्याच्या बाजूनं मत दिलं होतं.

गल्लीची रचना अशी आहे. वर मोठा रस्ता, तिथून उतार. मध्ये शाळा, तिच्या खाली ही एकोणीस घरं. मग एका बाजूला जुन्या गोदामाची दगडी भिंत आणि दुसऱ्या बाजूला चढ, यांच्यामध्ये गल्ली अरुंद होते. तिथे दोरी लावून मोजलं तर बत्तीस मीटर. जमीन जवळपास फाटकाच्याच पातळीला आहे. गवंडी वापरतात त्या पारदर्शक नळीत पाणी भरून मॅडमनी ते तपासलं. म्हणजे शाळेभोवतीच्या दीडशे मीटरऐवजी इथे बत्तीस मीटर लोड घातला तर शाळा आणि घरं दोन्ही आत येतात. त्याच उंचीच्या लोडात बत्तीस मीटरला साधारण पंचेचाळीस हजार लिटर पाणी लागेल. मिनिटाला पाचशे लिटर टाकणारा पंप असेल तर दीड तासाचं काम. दीडशे मीटरला दोन लाखांवर लिटर, म्हणजे एकाच पंपावर सात तास. वाचलेल्या पैशांत बूच, दोन पंप आणि डिझेल येईल. अमानतीचा प्रश्न मी देणगी देणाऱ्यांनाच विचारला, ग्रुपवर, सगळ्यांदेखत. दुबईवाल्याचं उत्तर आलं, 'सर, मेरी अम्मी तो उन्नीस घर में से एक में रहती है.'

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण ओळ कुठेही काढली तरी तिला बाहेरची बाजू असते. बत्तीस मीटरच्या त्या ओळीच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाला, सात घरं राहतात. त्यांची जमीन आमच्यापेक्षा दोन फूट खाली. आमच्या फाटकाला पाणी लागतं तेव्हा त्यांच्या घरात दोन फूट असतं. २०२१ ला त्यांच्याकडे चार फूट होतं. तिथे हा लोड कामाचाच नाही. चार घरं कुंभारांची, दोन आमची, एक मराठ्यांचं. एकावन्न हा आकडा काढून आणणारी मुलगी त्यांतल्याच एका घरातली.

शास्त्र म्हणून विचाराल तर आमच्या लोडामुळे त्यांच्या घरातलं पाणी बोटभरही वाढणार नाही. कृष्णा आणि वारणा दोन्ही फुगतात आणि हरिपूरच्या संगमाशी पाणी तुंबतं, तेव्हा ते मैलोगणती पसरलेलं असतं. त्यातून एक गल्ली वजा केली तर पातळीला कळतसुद्धा नाही. वाहत्या ओढ्याच्या पात्रात लोड टाकला असता तर गोष्ट वेगळी होती. तिथे पाणी खरंच शेजाऱ्याच्या अंगावर गेलं असतं, आणि ते मी कुठल्याही किमतीला मान्य केलं नसतं. हे मला समजतं, मॅडमना समजतं. पण रात्री दोन वाजता, घरात चार फूट पाणी असताना, पलीकडे उर्दू शाळेचं आवार कोरडं दिसतंय आणि मध्ये काळी भिंत आहे, हे बघणाऱ्या माणसाला मी पातळीचं शास्त्र समजावायला जाणार आहे का?

२०२२ च्या उन्हाळ्यात आसाममध्ये बराक नदीचा बेथुकांदीचा बांध फुटला आणि सिलचर शहर पाण्याखाली गेलं. पाणी ओसरण्याआधीच एका समाजानं दुसऱ्याला बुडवण्यासाठी बांध फोडला, असे संदेश देशभर फिरले. त्या प्रकाराला जे नाव दिलं गेलं ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही ओळखलं असेल. सांगलीत माणसं अजून अशी नाहीत. २०१९ मध्ये मशिदीत कोण झोपलं आणि देवळात कोण जेवलं, याची यादी करायची तर दुसरा लेख लागेल. पण मिरजेनं २००९ मध्ये काय बघितलं, तेही मला आठवतं. आपल्या नावाच्या संस्थेनं स्वतःभोवती भिंत घालून घेणं आणि आपल्या शेजाऱ्याच्या नावाच्या संस्थेनं घालून घेणं, या दोन गोष्टी आज सारख्या वाचल्या जात नाहीत. हे अन्यायाचं आहे, पण ठराव करताना ते डोळ्यांआड करून चालत नाही. आणि अफवेची भीती बाजूला ठेवली तरी शेजाऱ्याचा हक्क उरतोच. त्यासाठी मला कुठलं पुस्तक उघडायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. लोड घ्या, पण बत्तीस मीटरच्या ओळीचा, आणि ओळीच्या बाहेरच्या सात घरांशी आधी बोलून. त्यांना लोड देता येत नाही, वरचा मजला देता येतो. शाळेच्या वरच्या सात खोल्या पावसाळाभर त्यांच्या नावानं राखून ठेवाव्यात, दारावर घराचं नाव लिहून. पुलावर अठ्ठेचाळीस झालं की गल्लीतल्या पोरांनी शाळेचं काही उचलण्याआधी त्या सात घरांचं सामान वर चढवायचं. म्हातारी, आजारी, बाळंतीण, सगळ्यांना पन्नासला हलवायचं, ओळीच्या आतल्यांनाही. लोड आहे म्हणून कुणी घरात बसून राहिलं तर लोड नसण्यापेक्षा ते वाईट. पन्नासला लोड उलगडायचा, एकावन्नला भरायचा. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला पोचायला बरेच तास घेतं आणि नदी इथे इंचाइंचानं चढते, म्हणून हे वेळापत्रक शक्य आहे. चिपळूणच्या माझ्या मावसभावाला मी हे सांगितलं तर तो हसला. तिथे २२ जुलै २०२१ ला रात्रभराचा पाऊस आणि भरती एकत्र आली आणि काही तासांत बाजारपेठेत माणूस बुडेल एवढं पाणी. अशा ठिकाणी कुणी हा लोड विकायला आलं तर त्याला सरळ परत पाठवा.

लोड ठेवलेल्या खोलीची किल्ली शाळेकडे नसावी, किंवा निदान फक्त शाळेकडे नसावी. एक शाळेत, एक गिरणीवाल्या काकांकडे, एक ओढ्याकडच्या कुंभारांच्या भाभींकडे. महापालिकेच्या अग्निशमन दलाला आधी कळवावं, कारण ही ओळ रस्ता अडवते आणि अलीकडच्या माणसालाही रात्री दवाखान्यात न्यावं लागू शकतं. मे महिन्यात एक तालीम व्हावी. पंचेचाळीस हजार लिटर पाणी मे महिन्यात ओतून दाखवलं तर गल्लीतल्या बायका आम्हालाच ओततील, म्हणून तालमीत फक्त एक तुकडा भरावा, मशिदीच्या विहिरीच्या पाण्यानं, आणि ते पाणी नंतर शाळेच्या झाडांना द्यावं. जमीन झाडून काचा-खिळे वेचायचे, खाली ताडपत्री घालायची, लोडाची दोन्ही टोकं भिंतीला आणि चढाला घट्ट भिडवायची, हे हातांनी केल्याशिवाय येत नाही. पावसात, अंधारात, घाबरलेल्या माणसांना तर मुळीच येत नाही.

हे सगळं जमणार नसेल तर ते पैसे देणगीदारांना विचारून दुसऱ्या कामाला लावावेत. आवाराभोवतीच्या दीडशे मीटरला मात्र माझं मत आता नाही, आणि तसं मी हाजीसाहेबांना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा पाजला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. 'उन सात घरों को पूछा क्या?' एवढंच विचारलं. विचारलं नव्हतं.

येत्या रविवारी असरनंतर पुढची बैठक आहे. ती शाळेच्या हॉलमध्ये न घेता गल्लीच्या तोंडाशी, गोदामाच्या भिंतीजवळ घ्यावी, अशी चिठ्ठी मी कमिटीला दिली आहे, आणि ओढ्याकडच्या सातही घरांना परवा स्वतः जाऊन सांगून आलो. खुर्च्या शाळेच्या, चहा गिरणीवाले काका करणार आहेत. बत्तीस मीटरची सुतळी मी घेऊन येतो. ज्याच्याकडे दोन इंची पंप आहे त्यानं तो आणावा, पण सुरू होतो का ते घरूनच बघून आणावा.